दुपटं त्याचं आहे

प्रिय मुली,

छोट्या शिशूतला तो मुलगा आईच्या जुन्या साडीचं दुपटं हातातून सोडत नाही. संस्थाचालक म्हणतात, दारातच काढून घ्या. आई म्हणते, बाई, तुम्हीच मोडा ही सवय. आणि तू विचारतेस, ऐकू कुणाचं? त्या मुलाचं ऐक. दुपटं त्याचं आहे.

"तीन वर्षांचा घोडा झाला तरी" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. तीन वर्षांचं मूल आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी चाळीस जणांत येऊन बसतं, आणि त्यानं घरून काय आणलं तर कापडाचा एक तुकडा. तेवढाही आपल्याला सलतो?

लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 मध्ये मुलांच्या अशा लाडक्या वस्तूंवर निबंध वाचला, 1953 मध्ये तो छापून आला. त्यांचं सांगणं असं की ही वस्तू मूल स्वतः निवडतं, म्हणून तिच्यात बदल करायचा तो मुलानंच. तिचा मळ, तिचा वाससुद्धा त्याचाच. पुढे ती ना विसरली जाते, ना तिच्यासाठी कुणी रडतं. हळूहळू तिची गरज सरते. सरते, कुणी सरवत नाही. पासमन आणि वाइसबर्ग या संशोधकांनी 1975 मध्ये दाखवलं की अशा वस्तूचा लळा असलेली मुलं ती जवळ असली की परक्या खोलीतही आई सोबत असल्यासारखी खेळतात, हिंडतात. म्हणजे ज्याला आपण अडसर समजतो, त्याच्याच बळावर मूल तुझ्या वर्गात पाऊल टाकतंय.

तशीच नवी आणून देऊ, असं आईला वाटेल. तिला थांबव. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2008 च्या एका प्रयोगात मुलांना हुबेहूब नक्कल काढणारं खोटं यंत्र दाखवलं. साध्या खेळण्यांची नक्कल मुलांनी आनंदानं घेतली. लाडक्या वस्तूची पाळी आली तेव्हा काहींनी ती यंत्रात ठेवूच दिली नाही, आणि ज्यांनी ठेवली त्यांतल्या बहुतेकांनी आपलीच परत मागितली.

मी नोकरीला लागले त्या शाळेत अशा वस्तू कचेरीतल्या कपाटात जात. एका मुलीची चिंध्यांची बाहुली तशीच गेली. मी भांडले, हरले. चार दिवसांनी मुलगी रडायची थांबली तेव्हा सगळे म्हणाले, बघा, विसरली. ती डबा खायची थांबली होती, ते कुणी पाहिलं नाही. ती सल अजून आहे. पुढे माझ्या वर्गात मी कुणाचीच वस्तू काढून घेऊ दिली नाही. लाडावून ठेवते म्हणाले, शिस्त नाही म्हणाले. म्हणू देत. माझ्या वर्गातली मुलं डबा संपवत होती.

आता काम. त्याला खिडकीजवळ, त्याच्या हाताला येईल अशी एक खुंटी दे. रंगकामाच्या वेळी "ठेवतोस का?" एवढंच विचार, आणि "नाही" म्हणाला तर ते नाहीच. वाटून खेळायचा नियम दुपट्याला लावू नकोस. दुसऱ्यानं ओढलं तर तू मध्ये पड. घसरगुंडीवर मात्र ते गळ्यात नको, तिथे तू ठाम राहा. धुवायचंच असेल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी, त्याला सांगून, त्याच्या देखत; रात्रीपर्यंत वाळायला हवं. आणि घरी धाकटं बाळ आहे म्हणतेस, तर आईला सांग, वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ असं मोकळं कापड ठेवायचं नाही.

सोमवारच्या बैठकीत संस्थाचालकांना यातलं हवं ते सांग, माझं नाव घे. ते नाहीच म्हणाले, तर निदान दारात त्याच्या हातातून दुपटं घ्यायला तू जाऊ नकोस. ते ज्याला घ्यायचंय त्यानं घ्यावं, आणि मग त्याला उगी करायलाही त्यानंच बसावं. काय ठरलं ते कळव.

तुझी,
बाई