हात ताठ होतात, म्हणजे शुद्ध येतेय का?

प्रश्न : अपघातानंतर दादा आयसीयूत बेशुद्ध आहे. सिस्टरनी नख दाबलं की त्याचे हात ताठ होऊन आत वळतात. केसपेपरवर ‘डीसेरेब्रेट’ लिहिलंय. तो शुद्धीवर येतोय का?

उत्तर : ताई, ही हालचाल तो स्वतःहून करत नाहीये; वरच्या मेंदूचा ताबा सुटल्यावर हात असे ताठ होतात, त्यालाच ‘डीसेरेब्रेट’ म्हणतात. १८९८ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी मांजराचा ब्रेनस्टेम (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ) मध्यमेंदूपाशी छेदला, तेव्हा चारही पाय खांबासारखे ताठरले. एका पायाकडून मज्जारज्जूत संवेदना नेणाऱ्या नसा कापताच तो पाय सैल पडला; म्हणजे ताठरपणा प्रतिक्षिप्त क्रियेतून येत होता. वरच्या मेंदूचा ताबा सुटला, की खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया अशा बळावतात. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर, हालचालीच्या भागात, याला ६ पैकी २ गुण मिळतात. इजा गंभीर आहे, खोटी आशा देणार नाही. मात्र नख दाबल्यावर कधी त्याने हात मागे खेचला, तर ती सुधारणा. डॉक्टरांना लगेच सांगा.