व्हीगन व्हायचं तर मोबाइल, गाडी, वीज हेही सोडावं लागेल का?

व्हीगन म्हणजे दूध, मांस, कातडं असं प्राण्यांपासून येणारं काही न वापरणारा माणूस. तुमचे मित्र म्हणतात की टायरमध्ये जनावराची चरबी असते, मोबाइलच्या प्लॅस्टिकमध्ये असते, घरातली वीज कोळशावर येते आणि त्या कोळशापायी जंगल जातं. हे सगळं सोडणार नसाल तर नुसतं दूध सोडणं ढोंग आहे. म्हणून तुम्ही विचारताय की नेमकं काय काय सोडावं लागेल.

दूध सोडा, टायर राहू द्या.

टायरमध्ये आणि बऱ्याच प्लॅस्टिकमध्ये स्टिअरिक ॲसिड वापरतात. ते चरबीपासूनही निघतं आणि पामतेलापासूनही. तुमच्या दुचाकीच्या टायरमध्ये कुठलं आहे हे दुकानदाराला सांगता येणार नाही. पण त्या टायरसाठी कुणी गाय पाळत नाही. कत्तलखान्यात उरलेली चरबी स्वस्त मिळते म्हणून ती वापरली जाते. उद्या मिळेनाशी झाली तर कारखाना दुसरं काही वापरेल. दुधाचं तसं नाही. गाय गाभण राहिल्याशिवाय, व्याल्याशिवाय आणि तिचं वासरू बाजूला केल्याशिवाय दुधाचा धंदा चालत नाही. हा फरक ज्याला कळतो त्याला यादी लागत नाही. ज्याला तो मान्यच करायचा नाही, तो तुम्हाला टायर दाखवतो.

१९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली. तिच्या आजच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' अशी अट आहे. ही पळवाट नव्हे. डॉक्टरांनी दिलेलं औषध जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये असेल तर ते घ्या. लस घ्या. इंजेक्शनची औषधं निर्धोक आहेत का हे तपासायला जगभर हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाचं निळं रक्त वापरतात. हा जीव आपल्याकडे ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर सापडतो. त्याच्या रक्ताला प्रयोगशाळेत बनवलेला पर्याय आता आहे. तो सगळीकडे यावा म्हणून बोलत राहायचं, लस नाकारायची नाही. ड जीवनसत्त्वाची नेहमीची गोळी मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनते, दगडफुलाच्या जातीतल्या लायकेनपासून बनवलेलीही मिळते. हिला पर्याय हाताशी आहे, तर तो घ्या. बी-१२ मात्र न चुकता घ्या, त्यात हट्टीपणा नको. पाकिटावर काय बघायचं म्हणाल तर एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२२ च्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आणलंय, ते शोधा. नुसत्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, त्यात दूध चालतं.

आता विजेबद्दल. तुमच्या मित्रांचा हा प्रश्न मला माझ्या घरातून ऐकू येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मी छतावर सोलर बसवण्याचं काम करते. माहेर फलटण तालुक्यातलं. आप्पांच्या वेळी दोन म्हशी होत्या, दादानं त्याचा गोठा केला: बारा दुभत्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या संकरित) गाई, मिल्किंग मशीन, बल्क कूलर, कडबा कुट्टी. विजेचं बिल वाढलं तेव्हा त्यानं मला गोठ्याच्या पत्र्यावर पॅनल टाकायला सांगितलं. माझ्या व्हीगन मित्रमैत्रिणींपैकी काहींनी तेव्हा मला सरळ नाही म्हणायला सांगितलं होतं. मी काम घेतलं आणि आजही घेईन. ते पत्रे माझ्या पॅनलविना रिकामे राहिले असते म्हणून एकही गाय सुटली नसती, नुसता चंद्रपूरचा कोळसा जास्त जळला असता. ताडोबाच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत. तिथल्या वाघाचा आणि रानगव्याचा माझ्याशी काही संबंध नाही असं म्हणून मला व्हीगन राहता येणार नाही.

स्ट्रक्चर उभं करायला मी आणि माझ्याकडे कामाला असलेली दोन पोरं तिथंच मुक्कामाला होतो. त्या दिवसांत एक गाय व्याली. गोऱ्हा झाला. वहिनीनं तोंड वाकडं केलं, दादा काहीच बोलला नाही. कालवड झाली असती तर पोत्यावर बसवून पुसून घेतली असती, हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे. गोऱ्ह्याला थोडा चीक पाजला आणि दावणीपासून लांब, कुट्टीच्या मशीनमागं बांधला. उरलेल्या चिकाचा खरवस झाला. मला वाटी पुढं केली, मी घेतली नाही, तिथून वादाला तोंड फुटलं. गाय त्याच्या दिशेला तोंड करून रात्रभर हंबरत होती. मी माडीवर झोपले होते, मला ऐकू येत होतं, दादालाही येत असणार.

एचएफच्या गोऱ्ह्याचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही. त्याला वशिंड नसल्यानं जू नीट बसत नाही, उन्हात तो टिकत नाही, आणि तसाही नांगर आता ट्रॅक्टरचा आहे. पोसायचा तर रोज दूध पाजायचं, आणि तेच दूध तर विकायचंय. गायीच्या कत्तलीला राज्यात १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. कागदावर गोऱ्हा सुरक्षित आहे. प्रत्यक्षात तो दूध कमी पाजून मरू दिला जातो, कुठंतरी रानात सोडला जातो किंवा अंधारात टेम्पोत चढतो. आमच्याकडे टेम्पो आला. मी वर क्लॅम्प आवळत होते, खाली दोघांनी त्याला उचलून आत टाकलं. पैसे किती मिळाले हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर चालू केला. दादानं नारळ फोडला आणि कडबा कुट्टी लावली. उन्हावर मशीन फिरतंय बघून तो खरोखर खूश झाला, मलाही माझ्या कामाचा अभिमान वाटला. मग तो म्हणाला, "आता बोल. आता माझ्या दुधाला काय नाव ठेवशील? उन्हावर काढतोय मी दूध." थोड्याच दिवसांत त्यानं पुण्यातल्या सोसायट्यांना बाटलीतून दूध द्यायला सुरुवात केली आणि बाटलीवर छापलं, 'सौर गोठ्यातलं निसर्गस्नेही दूध'.

त्या चिठ्ठीवरून आमचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

एक तर धार पहाटे पाचला निघते आणि संध्याकाळी. पहाटे पाचला ऊन नसतं. दिवसा जास्तीची युनिटं लाइनीत जातात, पहाटे लाइनीतून परत घेतली जातात आणि नेट मीटर त्यांची वजावट करतं. ही व्यवस्था चांगली आहे, मी रोज लोकांना तीच समजावते. पण 'उन्हावर काढलेलं दूध' हे खोटं आहे.

दुसरं, आकडे. पाच किलोवॉटचं सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी २० युनिटं देतं, म्हणजे वर्षाला सात हजारांच्या वर. लाइनीतल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दादाच्या पॅनलनं वर्षाला पाचेक टन वाचतो. एक दुभती संकरित गाय रवंथ करताना ढेकरांतून वर्षाला ५० किलोच्या पुढे मिथेन सोडते. बारा गाईंचं ६०० किलो धरा. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट उष्णता धरतो, म्हणजे साधारण १७ टनांच्या बरोबरीचं. पॅनल वाचवतं त्याच्या तिप्पट नुसत्या ढेकरा. हे गणित ढोबळ आहे, चाऱ्याप्रमाणे खालीवर होईल, पण पारडं फिरणार नाही. दादा लगेच गोबरगॅस काढतो. परसातला गोबरगॅस आप्पांच्या काळापासून आहे, त्यावर घरचा स्वयंपाक होतो, ते उत्तम काम आहे. पण गोबरगॅस शेणातला वायू धरतो, आणि गाईचा बहुतेक मिथेन तोंडावाटे जातो.

आणि तिसरं, जे मला सगळ्यांत जास्त लागतं. समजा ढेकरही थांबली. चाऱ्यात काही मिसळून मिथेन कमी करायचे प्रयोग चालू आहेत, येईल तेही. तरी कुट्टीच्या मशीनमागचा गोऱ्हा तसाच राहतो. वीज स्वच्छ झाल्यानं त्याच्या बाबतीत काहीही बदललेलं नाही. दादा म्हणतो आता कालवडीच होतील अशी रेतनाची कांडी मिळते, दहातल्या नऊ वेळा कालवड. बरं, मिळू दे. मग त्या सगळ्या कालवडींची गाय होणार, चार-पाच वेतं झाली की ती भाकड होणार, आणि भाकड गाय बारा-पंधरा वर्षांपर्यंत जगू शकते. ती कोण पोसणार? यावर दादाकडे उत्तर नाही. तो विषय बदलतो.

विषय बदलून तो माळढोकवर येतो, म्हणजे माळरानावरच्या त्या मोठ्या, दुर्मीळ पक्ष्यावर. कुठंतरी वाचून त्यानं मला विचारलं, "तुझ्या सोलरपायी माळढोक मरतोय, त्याचं काय?" हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकत नाही. जैसलमेर आणि कच्छमध्ये मोठाल्या सौर आणि पवन प्रकल्पांच्या उच्च दाबाच्या तारांवर आपटून माळढोक मेलेत. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, त्यामुळे तार जवळ आली की वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये त्या भागातल्या तारा जिथं शक्य तिथं जमिनीखालून न्यायला सांगितल्या, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सोलापूरच्या नान्नजला १९७९ पासून माळढोकसाठी अभयारण्य आहे, तिथं आज तो दिसणं म्हणजे नशीब. म्हणूनच मी माळरान झाकणाऱ्या प्रकल्पांच्या बाजूनं बोलत नाही, छताच्या बाजूनं बोलते. छतावरच्या पॅनलला नवी टॉवर लाइन लागत नाही. तुमचं स्वतःचं छत असेल तर आधी ते भरा. घरासाठी ३ किलोवॉटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सभेत विषय मांडा आणि शिव्या खायची तयारी ठेवा.

मोबाइलचं थोडक्यात. त्यात गाय शोधू नका, माणूस शोधा. बॅटरीतला कोबाल्ट मुख्यतः काँगोतून येतो आणि तिथल्या हातखाणींत लहान मुलंही राबलेली आहेत. प्राण्यांबद्दल कळवळा आणि त्या मुलांबद्दल काही नाही, असं करू नका. फोन बंद पडेपर्यंत वापरा, बॅटरी बदलून घ्या, काच फुटली तर काच बदला. दरवर्षी नवा फोन घेऊन 'व्हीगन लेदर'चं कव्हर मिरवणारे मला पटत नाहीत. ते बहुतेक वेळा रेक्झिनच असतं. आणि हो, चपलांचं: घरात आधीची कातडी चप्पल असेल तर झिजवून टाका, फेकू नका.

जेवणाचं तुम्हाला काय सांगायचं. झुणका, भाकरी, ठेचा, आमटी, सोलकढी, शेंगदाण्याची चटणी, यात दूध कुठं आहे? तुपाची धार आणि चहा एवढ्याच दोन जागा अवघड जातात. चहा मी कोरा पिते, गवती चहा घालून. शेंगदाण्याचं दूध चहात फुटतं, तो प्रयोग करू नका.

हे सगळं मी कुणाला सांगते आहे आणि कुणाला नाही, तेही लिहायला हवं. एका म्हशीवर जिचं घर चालतं तिला मी काही सांगायला जात नाही. दादाचीही पैशाची बाजू मला माहीत आहे: दुधाचं बिल दर दहा दिवसांनी हातात येतं, उसाचं वर्षानं आणि तेही हप्त्यांत. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असलेल्या दुधाला कुठला दर मिळेल यावर वहिनीचा महिन्याचा किराणा ठरतो. दूध परवडत नाही असं तो निम्मं वर्ष म्हणतो आणि तरी सोडू शकत नाही, कारण दर दहा दिवसांनी पैसे देणारं दुसरं काही त्याला दिसत नाही. मी त्याला म्हटलं, याच पाच किलोवॉटवर दिवसा उन्हात तेलघाणा चालतो, पिठाची गिरणी चालते, शेंग आपल्याकडे होते, पुण्यातली तुझी गिऱ्हाइकं लाकडी घाण्याचं तेल बाटलीनं घेतील. तो म्हणतो भांडवल कुठाय. ते खरं आहे. मी निम्मं घालायला तयार आहे असं सांगितलंय, त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.

तेव्हा तुमच्या मित्रांना सांगा की टायर आणि वीज यांचा विचार जरूर करू, पण गोठ्यात काय चालतं याचं ते उत्तर नाही. आणि त्यांच्यापैकी कुणाचा गोठा असेल तर पॅनल जरूर लावायला सांगा, मी येऊन बसवून देईन. फक्त दुधाच्या बाटलीवर 'निसर्गस्नेही' छापायचं असेल तर खाली हेही छापा की त्या वर्षी गोठ्यात किती गोऱ्हे जन्मले आणि आज ते कुठे आहेत. हेच मी दादाला सांगितलं होतं, आणि त्यानं हे वाचलं तर पुन्हा सांगते.