पालथ्या दिवसांतील वर्तुळे

डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी माणसे एकच प्रश्न विचारतात: ‘पुन्हा पहिल्यासारखंच दिसेल ना?’ विचारणारा कधी शिंपी असतो, कधी रोज पोथी वाचणारे आजोबा. ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट सोडायला शिकवणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी श्रद्धा असल्यामुळे (हा शब्द एलिस यांना मुळीच रुचला नसता) मला त्या वाक्यातील ‘च’ सर्वांत आधी ऐकू येतो. दृष्टी किती सुधारेल हे नेत्रतज्ज्ञांनी सांगावे. तो ‘च’ मात्र माझ्या अखत्यारीतला आहे.

अमळनेरकडील एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. गावात त्यांना सारे ‘बाई’ म्हणतात. डोळ्यासमोर विजेसारखे चमकारे, मग काळे ठिपके आणि पाठोपाठ कडेने चढत आलेली सावली, असा क्रम झाला आणि डोळ्याचा पडदा सरकल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेत पडदा जागेवर बसवून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडण्यात आला. बुडबुडा नेहमी वर जातो आणि पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूस असतो. त्यामुळे बुडबुड्याचा दाब पडद्यावर राहावा म्हणून बाईंना आठवडाभर मान खाली घालून, बहुतेक वेळ पालथे राहण्यास सांगितले होते.

पहिली बोलणी फोनवरच झाली. सून फोन उशीजवळ ठेवून जाई. ‘चाळीस वर्षांचा हात गेला, मॅडम,’ बाई म्हणाल्या. दर गुरुवारी रंगांची पेटी घेऊन जमणाऱ्या तिन्ही मैत्रिणींना त्यांनी येऊ नका म्हणून कळवले होते. मी त्यांना ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकायला सुचवली, आणि ती माझी चूक ठरली. बाईंनी शिस्तीने पुस्तके ऐकली आणि त्या अधिकच मिटल्या. मी दृष्टीविषयी बोलत राहिले, आणि बाईंचे दुखणे वेगळेच होते, हे मला तिसऱ्या दिवशी त्यांच्याच तोंडून कळले: ‘मला अशी उपडी पडलेली कुणी बघायला नको.’

‘वर्गात एखादी मुलगी पडली, तर तुम्ही तिच्याकडे पाठ फिरवत होता का?’ मी विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तिला उचलायचे. पण मी बाई आहे ना, मी पडून कसं चालेल?’

‘मी पडताच कामा नये’ हा ‘च’ त्यांनी आयुष्यभर सांभाळला होता. तो सापडला तेव्हा मला झालेला आनंद मी लपवत नाही. मात्र तो ‘च’ निघाला माझ्या युक्तिवादाने नव्हे. दुसऱ्या दिवशी एक मैत्रीण न विचारता आली, कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन. पलंगाच्या कडेखाली चटई टाकून ती उताणी झोपली, म्हणजे बाईंना मान न उचलता तिचा चेहरा दिसावा. ‘मी शे ना,’ म्हणजे ‘मी आहे ना,’ ती अहिराणीत म्हणाली, आणि मग विचारले, ‘आत काय दिसतं तुला?’

बाईंनी वर्णन केले: काठ काळा असलेले एक वर्तुळ, मान हलली की घागरीतल्या पाण्यासारखे डुचमळणारे. ‘मग काढ ना ते!’

बाईंनी मला फोन करून परवानगी मागितली. मी तो प्रश्न डॉक्टरांकडे धाडला. ठरलेली स्थिती न मोडता, थोडा थोडा वेळ चालेल, असे उत्तर आले. खरे पाहता रांगोळी काढणाऱ्या बाईची मान खालीच असते. ठेंगण्या पाटावर कागद, बरा डोळा कागदावर आणि जाड काळी पेन्सिल. रोज एक वर्तुळ, खाली तारीख. नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या उजव्या डोळ्यात १९३० साली रक्तस्राव झाला, तेव्हा त्यांनीही डोळ्यातील त्या आकृत्यांची चित्रे काढली होती. हे मी बाईंना सांगितले. त्यांनी ‘अस्सं’ म्हणून विषय संपवला. त्यांना मुंकपेक्षा मैत्रिणीची भाकरी महत्त्वाची वाटली असावी.

वायू विरत जातो तसे वर्तुळ लहान होते, ही गोष्ट घरच्यांनी आधीच समजून घ्यावी, म्हणजे त्यातील बदलांनी घाबरायला होत नाही. वायू पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, आणि उंच गडावर जाण्यापूर्वीही विचारावे लागते, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होऊन बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातील दाब वाढतो. बाईंची चैत्रातील सप्तशृंगी गडाची वारी यामुळे हुकली. दुसऱ्या कशासाठी भूल घ्यावी लागली, तर डोळ्यात वायू असल्याचे आधी सांगावे. डोळा चोळू नये, थेंब चुकवू नयेत. तीव्र वेदना झाल्या, दृष्टी एकाएकी घटली किंवा सावली पुन्हा दिसली, तर उद्याची वाट पाहू नये. या शस्त्रक्रियेनंतर कालांतराने मोतीबिंदू होणे नेहमीचे आहे. तो झाला म्हणजे आधीचे उपचार फसले, असे समजू नये. आणि नातेवाइकांनी ‘विश्रांती घे’ म्हणून मैत्रिणींना दारातून परत पाठवू नये. पालथ्या माणसाशी बोलायचे असेल, तर खाली बसावे.

बाईंना आता त्या डोळ्याने दाराची चौकट किंचित वाकडी दिसते. ‘पहिल्यासारखं नाही,’ त्या सांगतात, आणि ‘च’ न लावता सांगतात. गुरुवार पुन्हा सुरू झाले आहेत. तारखांची ती सारी पाने भिंतीवर ओळीने लावली आहेत. एके दिवशी मान फार दुखल्याने बाईंनी सांगत जाऊन मैत्रिणीकडून वर्तुळ काढून घेतले होते. ते भाकरीसारखे एका अंगाला फुगले आहे, आणि खाली लाल शाईत शेरा आहे: दहापैकी चार.