पहिली महिला वकील कोण, याचा सगळा घोळ सनदेपाशी आहे

तुमचा प्रश्न असा की कुठे कॉर्नेलिया सोराबजी, कुठे रेजिना गुहा, कुठे मिथन टाटा अशी नावं सापडतात, मग भारतातली पहिली महिला वकील नक्की कोण?

घोळ होतो तो पदवी आणि सनद एकच समजल्यामुळे. पदवी विद्यापीठ देतं, सनद म्हणजे वकिली करायचा परवाना, आणि ती तेव्हा हायकोर्टाच्या हातात होती. बायकांचं घोडं अडायचं ते सनदेपाशी.

सोराबजींचंच बघा. जन्म नाशिकचा, 1866 चा. कॉलेज पुण्याचं डेक्कन. 1892 मध्ये ऑक्सफर्डला बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली, तीही विद्यापीठाने खास ठराव केला म्हणून. पदवी मात्र 1922 मध्ये, कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं! 1896 मध्ये पुण्यात एका खुनाच्या खटल्यात त्या आरोपीतर्फे उभ्या राहिल्या, पण सनदेवर नव्हे. फौजदारी प्रक्रिया संहितेत कोर्टाच्या परवानगीने दुसऱ्या कुणालाही वकीलपत्र देण्याची सोय होती, आणि ती त्या खटल्यापुरतीच. 1899 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही त्या पास झाल्या. तरी सनद नाहीच.

रेजिना गुहांचं नाव येतं ते नाकारल्या गेलेल्या अर्जामुळे. 1916 मध्ये त्यांनी अलीपूरच्या जिल्हा कोर्टात वकिलीसाठी अर्ज केला आणि तो कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांपुढे गेला. वकिलांविषयीच्या 1879 च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये बायकांना थेट मनाई कुठेच नव्हती. उलट कायद्यातल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरायची. कोर्ट म्हणालं, संदर्भ विरुद्ध नसेल तरच. आणि 1793 पासूनचे वकिलीचे नियम पाहता वकील पुरुषच असायचा. म्हणजे बायका आजवर नव्हत्या, म्हणून आताही नकोत. कायद्याचा अर्थ लावण्यापेक्षा ही रूढीची राखणच जास्त वाटते.

ऑगस्ट 1921 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने सोराबजींना सनद दिली. त्याच वर्षी पाटणा हायकोर्टाने सुधांशुबाला हाजरांचा अर्ज फेटाळला. प्रत्येक हायकोर्टाचा न्याय वेगळा असल्यामुळे शेवटी 1923 चा लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्ट करावा लागला. जुना कायदा, हायकोर्टाची लेटर्स पेटंट (ज्या राजाज्ञेने ते स्थापन झालं ती) किंवा नियम काहीही म्हणोत, केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला सनद नाकारता येणार नाही, एवढंच त्यात होतं.

मिथन टाटा (लग्नानंतर लाम) लंडनच्या लिंकन्स इन या वकिलीच्या संस्थेतून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. तेव्हा बॅरिस्टर (विलायतेत पात्रता मिळवलेला) आणि वकील (इथल्या हायकोर्टाची सनद घेतलेला) हे दर्जे वेगळे होते. 'पहिली' या शब्दाची गल्लत बरीचशी त्यातूनही होते.

स्पर्धा परीक्षेत नुसतं 'पहिली महिला वकील' विचारलं तर सोराबजी लिहा. मुंबई हायकोर्ट आणि बॅरिस्टर हे शब्द दिसले तर मिथन टाटा.