मास स्पेक्ट्रोमीटरवर औषध मोजताना प्लाझ्मात ईएसआयचा (इलेक्ट्रोस्प्रे, थेंबांच्या फवाऱ्यातून आयन बनवणारी पद्धत) सिग्नल निम्माच येतो. एपीसीआय (वाफेतून आयन बनवणारी पद्धत) लावून फायदा होईल का?

होईल कदाचित. पण आधी हे सांगा, सिग्नल पडल्याचं खापर साहेबांनी अजून तुमच्या हातावर फोडलं नाही ना? माझ्यावर फोडलं होतं.

नोकरीचं दुसरं वर्ष. सॉल्व्हंटमधलं स्टँडर्ड (माहीत मात्रेचं औषध) झकास, प्लाझ्मातलं निम्म्याच्याही खाली. सर म्हणाले, "रिकव्हरी नाही, तुझं पिपेटिंग कच्चं आहे." रिकव्हरी म्हणजे अर्क काढताना किती औषध हाती लागतं ते. तीन आठवडे प्रथिनं साकळवायला ॲसिटोनायट्राइल घालून ट्यूबा हलवत बसलो. शेवटी एका रविवारी कॉलम आणि सोर्सच्या (आयन बनतात ती जागा) मध्ये टी-जॉइंट बसवला, सिरिंज पंपाने औषध सतत सोडत ठेवलं आणि कोऱ्या प्लाझ्माचा अर्क इंजेक्ट केला. सरळ चाललेल्या रेषेला १.८ मिनिटाला खड्डा! आमचा पीक नेमका तिथेच. पॉझिटिव्हमध्ये १८४ (फॉस्फोलिपिडची खूण असलेला m/z) लावून पाहिलं, तर फॉस्फोलिपिड, म्हणजे प्लाझ्मातले मेद, त्याच जागी ठाण मांडून.

सोमवारी प्रिंट दाखवली. "पंप अडखळला असेल." मग त्यांच्यासमोर नुसता मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) इंजेक्ट केला. खड्डा गायब. सर चहाला गेले.

ईएसआयमध्ये सगळी मारामारी थेंबाच्या पृष्ठभागावर होते आणि फॉस्फोलिपिडला तीच जागा प्यारी. एपीसीआयमध्ये चारशेएक अंशांना आधी सगळ्याची वाफ होते. मग विद्युत विसर्ग करणाऱ्या कोरोना सुईने सॉल्व्हंटची वाफ आयनित होते आणि ती औषधाला प्रोटॉन देते. म्हणून तिथे हा त्रास बराच कमी. कपाटात धूळ खात पडलेला प्रोब मी लावला. एकूण सिग्नल जरा उतरला, पण प्लाझ्मा आणि सॉल्व्हंट जवळजवळ जुळले. "ईएसआयला नोबेल आहे" हे मला ऐकवू नका. ईएसआयवाल्या जॉन फेन यांना २००२ मध्ये ते मिळालं प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंसाठी, तुमच्या गोळीसाठी नाही.

ड्युटरेटेड इंटर्नल स्टँडर्डने (जड हायड्रोजन घातलेलं तेच औषध, तुलनेसाठी) गुणोत्तर सावरतं, गेलेला सिग्नल परत येत नाही.

हां, तुमचं औषध उष्णतेने मोडणारं असेल, ग्लुक्युरोनाइड (शरीराने शर्करा-आम्ल जोडलेलं रूप) असेल किंवा मुळातच चतुर्थक अमोनियम (कायमचा धन प्रभार असलेलं) असेल तर एपीसीआय विसरा. ग्रेडियंट (मोबाइल फेजचं बदलतं मिश्रण) बदलून पीक खड्ड्यातून बाहेर काढा. औषध कोणतं ते तुम्ही लिहिलंच नाहीये, त्यामुळे पुढचं सांगता येत नाही.

तोवर एक कराच: एका ट्यूबमध्ये औषध एक्स्ट्रॅक्शनच्या आधी घाला, दुसरीत नंतर. दोन्ही सारखेच पडले तर हात निर्दोष. माझी रिकव्हरी ८८ टक्के निघाली होती, सर.