बैलगाडा शर्यतीत बैलांचे खरंच हाल होतात का? आणि होत असतील तर घोड्यांची रेस कशी चालते?

हो, होतात. पळवल्यामुळं नाही, पळवायच्या पद्धतीमुळं. हा फरक ना प्राणीमित्रांना समजावता येतो ना आमच्या दादाला, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या घरी हरण्या नावाचा खिलार बैल आहे. आम्ही सातारा बाजूचे. २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळाली तेव्हा हरण्या चौसा (चार दाती) होता, ऐन भरात. पुढच्या उन्हाळ्यात दादानं (थोरला चुलतभाऊ) त्याला मैदानात काढला. आमचा बैल एकच, म्हणून पैरा (जोडी) दुसऱ्या गावच्या बैलाशी आणि छकड्यावर (शर्यतीच्या हलक्या गाडीवर) ड्रायव्हरपण त्यांचाच. मी आधीच म्हणलेलं की ड्रायव्हर आपला पाहिजे, हरण्या नुसत्या आवाजावर पळतो, सरावाला कधी हात लावायला लागला नाही. दादा म्हणला, पुण्यात राहून मला बैल शिकवू नको. झालं. गट (पहिली फेरी) मारला, सेमीला मागं पडलो, गुलाल काय मिळाला नाही.

रात्री टेम्पोतनं उतरवून अंगावर पाणी मारत होतो, मागच्या बाजूला हात लागला तशी सगळी कातडी थरथरली आणि त्यानं लाथ झाडली. जन्मात झाडली नव्हती. मोबाईलचा टॉर्च लावला तर शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूला बारीक बारीक भोकं, रक्त सुकून केसांना चिकटलेलं. बोटानं मोजली. अकरा. काठीच्या टोकाला खिळा ठोकून वर चिकटपट्टी गुंडाळतात आणि बाहीत लपवतात, ज्याला माहितेय त्याला माहितेय. हळद-तेल लावलं, पण पुढं आठ-दहा दिवस मला त्याच्या मागनं जाता आलं नाही, पावलांचा आवाज आला की मान वळवून बघत उभा राहायचा.

आता नियम म्हणाल तर कागदावर मस्त आहेत. कलेक्टरची परवानगी, धाव १००० मीटरच्या आत, डॉक्टरचं सर्टिफिकेट, काठी चाबूक शॉक सगळं बंद, हाल केले तर ५ लाखांपर्यंत दंड नाहीतर ३ वर्षांपर्यंत जेल. आमचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा हरण्या टेम्पोतनं खालीसुद्धा उतरला नव्हता.

घोड्यांचं विचारलंय. २०१४ च्या निकालात असं होतं की बैलाचं शरीर घोड्यासारखं पळायला बनलेलं नाही. मला हे अर्धंच पटतं. थरोब्रेड (रेसच्या घोड्याची जात) पिढ्यान् पिढ्या वेगासाठीच पैदा केलाय, मान्य, पण म्हणून त्याची हाडं लोखंडाची होत नाहीत. रेसमध्ये पाय वाईट मोडला की बऱ्याचदा घोडा मारावाच लागतो, कारण एवढं वजन उरलेल्या पायांवर आलं की त्यांचे खूर आतनं सुटायला लागतात. आणि चाबूक तिथं उघड उघड चालतो, ब्रिटनमध्ये फ्लॅट रेसला सहा फटक्यांपर्यंत मुभा आहे, मोजून. उलट नॉर्वेनं १९८२ लाच चाबकावर बंदी आणली आणि तिथं रेस काय बंद पडल्या नाहीत. दादाचं एकच पालुपद असतं की टोचल्याशिवाय जनावर पळत नाही, त्याला हे तीनदा सांगून झालंय.

बाकी सरसकट बंदी परत आणा असं मी म्हणत नाहीये हां. ट्रॅक्टर आल्यापासून खिलार सांभाळायला शर्यत सोडून दुसरं कारण उरलेलं नाही, आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हातारा बैल विकायचीपण सोय राहिली नाही, मग तो कुणी पोसायचा हा प्रश्न शर्यतीपेक्षा मोठा आहे. आणि पोटच्या पोरासारखं दूध, अंडी, खारीक चारणारे मालकपण मी बघितलेत. माझी मैदानं पाच-सहाच, सगळीकडं असंच चालतं असा दावा नाही.

तुम्ही कधी मैदानाला गेलात तर फायनल बघत बसू नका. बैल टेम्पोत चढवतात तिथं जाऊन मागनं बघा, तुमचं उत्तर तिथं मिळेल.

हरण्या आता मळ्यात असतो, परत छकड्याला जुंपू दिला नाही. दादा अजून म्हणतो खिळा नव्हताच, बाभळीचे काटे लागले असतील. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला पाच, तेपण एका ओळीत, असे काटे कुठल्या बाभळीला येतात ते त्यानं एकदा मला दाखवावं.