‘मारत न्हाईत ओ ताई, मग तक्रार कशाची करू?’

घरात छळ सोसणाऱ्या बायकांना कायद्याची मदत मिळवून द्यायचं काम मी करते. हा प्रश्न मला इतक्या बायकांनी विचारलाय की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्याला बहुतेक वेळा आणखी दोन काळज्या जोडलेल्या असतात. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तक्रार केली तर मी जाऊ कुठं? आणि मला नवऱ्याला जेलात घालायचं नाही, मग कायदा माझ्या काय कामाचा? या तिन्ही काळज्या घेऊन आलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तासगाव भागातली. घरची द्राक्षबाग, नवरा बाग बघतो, ही एका पतसंस्थेत क्लार्क. धाकटीचे दात दाखवायचे म्हणून सांगलीला आली आणि तशीच माझ्याकडं. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मारत न्हाईत ओ ताई. एकदा पण हात लावलेला न्हाई." आपल्याला इथं बसायचा हक्क नाही, अशी तिची धारणाच झालेली होती.

या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझा पहिला प्रश्न असायचा, "मारतो का?" बाई "नाही" म्हणाली की मी वही मिटायचे. त्यात किती जणी परत गेल्या असतील, याचं आजही वाईट वाटतं. आता मी वेगळं विचारते. "स्वतःच्या कमाईतले शंभर रुपये कुणाला न विचारता खर्च करता येतात का?"

ती गप्प झाली. मग सांगायला लागली. पगाराचा खातेनंबर तिचा, पण बँकेत मोबाईल नंबर नवऱ्याचा. पगार जमा झाल्याचा मेसेज त्याला जातो, कार्ड त्याच्या पाकिटात. एसटीला, औषधगोळ्यांना, पोरींच्या वह्यांना हात पसरायचा. माहेरहून आलेल्या पाटल्या तिला न विचारता फवारणीच्या खर्चासाठी सोनंतारणात गेल्या. दोन्ही मुलीच, म्हणून सासू जेवायच्या ताटावर बोलते. भावाचा फोन आला तर स्पीकरवर ठेवून बोलायचं. आणि माहेरी जाते म्हटलं की नवरा म्हणतो, "जा. मी औषध पितो."

द्राक्षपट्ट्यातल्या घरात ‘औषध’ म्हणजे काय, ते आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. बागेतल्या खोलीत डबे रचलेलेच असतात. ही बाई रात्री उठून ते डबे मोजायची.

मी कपाटातून एक छापील नमुना काढला आणि तिच्यापुढं ठेवला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. त्याच्या कलम 3 मध्ये हिंसाचाराची व्याख्या आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आर्थिक, या चारही प्रकारांना कायदा हिंसाचारच म्हणतो. मूल नसण्यावरून किंवा मुलगा नसण्यावरून अपमान करणं, हे तर व्याख्येत स्पष्ट शब्दांत लिहिलंय. स्त्रीधन परस्पर विल्हेवाटीला लावणं हेही आहे. तो नमुना म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल. त्यात छळाच्या एकेक प्रकारापुढं खूण करायची असते. पगार काढून घेणं. ठरावीक माणसाला भेटू न देणं. आत्महत्येची धमकी देणं.

त्या शेवटच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं ते उचललंच नाही. "हे पण लिवलंय?" तिला वाटत होतं, हे जगात फक्त तिच्याच घरात घडतं.

आत्महत्येच्या धमकीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथं चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. धमकी खोटी समजून झटकायची नाही. आम्ही तिच्या दिराला विश्वासात घेतलं, डबे कुलपात गेले, नवऱ्याला डॉक्टरांकडं न्यायचं दिरानं कबूल केलं. पण त्याचा जीव राखायचा म्हणून तिनं कायम डांबून राहायचं, हे मला मान्य नाही. तो आजारी असेल तर त्याला उपचार हवेत, बायकोचा पगार आणि बायकोचं माहेर बंद करून तो बरा होणार नाही.

मग घराचा प्रश्न. सातबारा, घराचा उतारा, सगळं सासऱ्यांच्या नावावर. सासू तिला रोज ऐकवायची, "तुझं हितं काय बी न्हाई." मालकी तिची नाही हे खरं. पण राहण्याचा हक्क आहे. कायदा ‘सामाईक घर’ म्हणतो ते बाई ज्या घरात कुटुंबाची म्हणून राहते किंवा राहत होती ते, मग कागदावर नाव कुणाचंही असो. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ सांगितलं की घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी ते सुनेचं सामाईक घर असू शकतं. याचा अर्थ म्हाताऱ्यांना घराबाहेर काढायचं असा नव्हे. न्यायालय दोन्हीकडचं बघतं, वेळ पडली तर नवऱ्याला तसलीच दुसरी जागा द्यायला किंवा भाडं भरायला लावतं. पण पिशवी बाहेर फेकून ‘चालती हो’ म्हणता येत नाही. बेकायदा बाहेर काढलंच, तर परत आत घेण्याचा आदेश मिळू शकतो.

तिसरी काळजी जेलची. "पोरींच्या बापाला बेड्या नको," हे ती तीनदा म्हणाली. या कायद्याखाली अर्ज केला म्हणून अटक होत नाही. न्यायदंडाधिकारी आधी आदेश देतात. असं वागू नकोस, पगाराला हात लावू नकोस, दागिने परत कर, खर्चाला इतके दे. तो संरक्षण आदेश मोडला तर मात्र गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सासरच्या छळाच्या गुन्ह्याचं जुनं कलम 498-अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय, तो वेगळा फौजदारी रस्ता. तो घ्यायचा की नाही, हे बाईनं ठरवायचं. मी तिला ढकलत नाही आणि अडवतही नाही.

ती लगेच तयार झाली नाही. दोन महिने आलीच नाही. मग एक दिवस पतसंस्थेतून फोन केला, "ताई, सासूनं थोरलीला शाळेतनं काढायचं काढलंय." तेवढं निमित्त झालं. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी घटना अहवाल भरला. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणातून वकील मोफत मिळाले. मोफत वकिलासाठी बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे पगार असणाऱ्या पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. घटना अहवाल हातात नसला तरी अर्ज थेट न्यायालयात करता येतो. सासर सोडून आलेल्या बाईला माहेरच्या गावच्या न्यायालयातही अर्ज करता येतो.

अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तिच्याही लांबल्या. म्हणून आम्ही पहिल्याच अर्जात अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागितला होता, तो मिळाला. त्याच दिवशी ती बँकेत जाऊन स्वतःचा मोबाईल नंबर लावून आली. हे आधी केलं असतं तर घरी भडका उडाला असता, म्हणून आदेशापर्यंत थांबायचं आम्ही ठरवून घेतलं होतं.

न्यायालयानं दोघांना समुपदेशनाला पाठवलं तेव्हा नवरा म्हणाला, "ती उलटून बोलते, म्हणून कार्ड ठेवलं." नियमांत अशा समर्थनाला समुपदेशनात जागाच नाही. ती काय बोलली म्हणून तू असं वागलास, ही चर्चा आम्ही करत नाही. त्यानं यापुढं असं करणार नाही हे लिहून द्यायचं असतं. आणि तडजोड बाईला हवी असेल तरच. तासभर गप्प बसून त्यानं सही केली.

हे वाचणारी कुणी याच अवस्थेत असेल, तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे, जिवाला धोका वाटला तर 112. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, विधवा वहिनी दिराविरुद्धही हाच कायदा वापरू शकते. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज चालतो.

ती अजून त्याच घरात राहते. मधल्या खोलीत, मुलींजवळ. नवरा कामापुरतं बोलतो, सासू बोलत नाही. दोन पाटल्यांपैकी एक सुटून आलीय, दुसरीसाठी पुढची तारीख आहे. थोरली शाळेत जाते. परवा तिचा फोन आला तेव्हा मागून एसटी स्टँडचा गोंगाट ऐकू येत होता. भावाकडं चालली होती, मुक्कामाला.